सगळेच ठिपके हिरवे

१

अंबूबाईला साप चावला तो मिरचीच्या वाफ्यात, सोमवारी, दुपारच्या भाकरीच्या जरा आधी. नाग होता. तिच्या मुलाने, सागरने, तो बांधाकडे सरकताना पाहिला. काठी शोधण्यात त्याने वेळ घालवला नाही. खिशातला मोबाइल काढला.

त्याला तसंच शिकवलं होतं. संग्रामपूरच्या ‘सातपुडा जीवरक्षा मंडळा’ची माणसं वर्षभर गावागावांत सांगत फिरली होती की साप मारत बसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, आधी ‘दंशमित्र’ उघडा. दंशमित्र म्हणजे मंडळाची वेबसाइट. तिच्यावर तालुक्याचा नकाशा होता आणि मंडळाच्या प्रत्येक उपचार केंद्राच्या जागी एक ठिपका. केंद्रात सर्पदंशाची लस असेल तर हिरवा, संपली असेल तर लाल.

खारवाडीचा ठिपका हिरवा होता.

सागरच्या शेतापासून दोन रस्ते फुटतात. एक खाली शेगावकडे, मोठ्या दवाखान्याकडे जातो. दुसरा वर डोंगराच्या पायथ्याशी, खारवाडीला. तो जवळचा. सागरने आईला गाडीत घातलं आणि गाडी वर घेतली.

खारवाडीच्या केंद्रात जनकाबाई नावाची नर्स होती. तिने अंबूबाईच्या मिटत चाललेल्या पापण्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

“अठी कायले आनलं?” ती म्हणाली. “लस संपली म्हून भरलं हाय ना म्या.”

मग आलेला रस्ता उलट कापायचा होता. जनकाबाई स्वतः गाडीत चढली आणि श्वास द्यायची पिशवी दाबत राहिली. शेगाव यायच्या आधीच तिचे हात थांबले. पुढे बसलेल्या सागरला ते आरशात दिसलं. त्याने गाडी थांबवली नाही, तशीच दवाखान्यापर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी मंडळाने जनकाबाईला कामावरून काढलं. लस संपल्याची नोंद तिने केलीच नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. लोक इतके चिडले की खारवाडीतून तिला पळून जावं लागलं.

२

प्राची मूळची देऊळघाटची. बुलढाण्यात घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. वेबसाइटचा कोड लिहायचा आणि दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या. कंपनीतले लोक तिच्या ‘मले-तुले’वर हसत, म्हणून तिथे ती जपून बोलायची. राग आला की जपणं सुटायचं.

तिला संग्रामपूरला बोलावलं ते हिंमतरावांनी. निवृत्त नायब तहसीलदार, तिच्या वडिलांचे जुने स्नेही आणि आता मंडळाचे एक विश्वस्त. चौकशी त्यांच्याकडे आली होती.

“मले त्या कॉम्प्युटरातलं काही समजत नाही,” ते फोनवर म्हणाले होते. “पण माणूस खोटं बोलून राह्यला का, ते समजते. अठी कोणीतरी बोलून राह्यलं, पोरी. कोण, ते तू सांग.”

मंडळाच्या कार्यालयात शेखरसर बसले होते. मंडळाचे संचालक, चाळिशीचे, आवाज मऊ. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक कागद प्राचीपुढे सरकवला. वेबसाइटच्या आतल्या पानाची छापील प्रत होती ती. त्यावर ओळ होती: ‘खारवाडी केंद्र – लस उपलब्ध’.

“सोमवारी संध्याकाळीच काढून ठेवली,” ते म्हणाले. “फार वाईट झालं. पण बाईंनी नोंदच केली नाही, त्याला आपण काय करणार? खारवाडीत लस नाही हे मलाही दुर्घटनेची बातमी आली तेव्हाच कळलं.”

“आकडा कुठाय?” प्राचीने विचारलं.

“कसला आकडा?”

“किती कुप्या शिल्लक होत्या त्याचा. इथं नुसता शब्द आहे.”

“संगणक जे म्हणतो ते छापलंय. मला त्यातलं फार कळत नाही हो.”

कोपऱ्यातल्या टेबलाशी गजेंद्र होता. दंशमित्रचा कोड त्याने एकट्याने लिहिलेला. साखरखेर्ड्याचा, सडपातळ, मान खाली घालून बोलणारा.

“नेटवर्कचा घोळ असंल,” तो पुटपुटला. “मोबाइलनं जुनंच पान दाखवलं असंल.”

प्राची दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. एक म्हणतो नर्सने नोंद केली नाही, दुसरा म्हणतो मोबाइलने जुनं दाखवलं. एका कार्यालयात बसलेली, रोज एकत्र चहा पिणारी माणसं, आणि एका बाईच्या मरणाची दोन कारणं.

“आधी तुम्ही दोघं एक काय ते ठरवा,” ती म्हणाली. “तोवर मला कोडची आणि सगळ्या नोंदींची प्रत द्या.”

गजेंद्रने प्रत दिली. पेनड्राइव्ह त्याने तिच्याकडे न बघताच पुढे सरकवला. प्राचीने तिथेच आपल्या लॅपटॉपवर दंशमित्र सुरू केलं आणि नकाशा उघडला.

खारवाडीचा ठिपका लाल होता.

३

“बघा,” शेखरसर लगेच म्हणाले. “नंतर भरलं नर्सबाईंनी. अंबूबाई गेल्यावर. अंगाशी आलं म्हणून.”

हिंमतरावांनी प्राचीकडे पाहिलं. तिने कोड चालू असतानाच मध्ये थांबवला.

“काका, इकडे या,” ती म्हणाली. “कोडमध्ये प्रत्येक केंद्राचं एक ऑब्जेक्ट असतं. गाठोडं समजा. आत केंद्राचं नाव, लस किती, ती नोंद कोणी केली, कधी केली, सगळं बांधलेलं. या गाठोड्याला नुसतं ‘तू कोण’ म्हणून विचारलं, तर लिहिणाऱ्याने शिकवलेली एकच ओळ ते बोलतं. सरांच्या कागदावर ती ओळ आहे.”

“आन आतलं पाहाचं असलं तर?”

“मग कोड असा थांबवायचा आणि गाठोडं सोडायचं.”

तिने सोडलं. पडद्यावर खारवाडीचं ऑब्जेक्ट उघडं पडलं. शिल्लक: शून्य. नोंद कोणाची: जनका. वार: रविवार, अंबूबाई गेली त्याच्या आदल्या दिवशीचा.

हिंमतरावांनी चष्मा काढून पुसला. “म्हंजे बाईनं भरलं होतं.”

“तारीख मागची टाकता येते की,” शेखरसर शांतपणे म्हणाले. “काय रे गजेंद्र? येते ना?”

गजेंद्रने हातातल्या पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग मान हलवली. “येते.”

ते खरंही होतं. ज्याच्या हातात सगळ्याची किल्ली असेल त्याला तारीखही बदलता येते. पण ती किल्ली नर्सच्या हातात नसते, गजेंद्रच्या असते, आणि हे गजेंद्रला पुरतं माहीत होतं. तरी त्याने मान हलवली. प्राचीने लॅपटॉप मिटला.

“जनकाबाई कुठं आहेत?”

“त्यांना भेटून काय साधणार?” शेखरसर म्हणाले.

“तुमाले काय साधाचं ते नाही विचारलं म्या,” प्राची म्हणाली. “कुठं आहेत ते विचारलं.”

४

जनकाबाई संग्रामपुरातच भावाकडे होती. पन्नाशीची, उंच. ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. माणसं आलेली पाहूनही तिचे हात थांबले नाहीत.

“आता अजून काय पाहिजे?” ती म्हणाली. “नोकरी गेली, गाव सुटलं. अजून काय राह्यलं?”

“काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय,” प्राची म्हणाली.

“म्या सांगतलं. कोनी ऐकलं?” सुपातले खडे तिने अंगणात भिरकावले. “रविवारी एका मेंढपाळाले घोणस चावली होती. होत्या नव्हत्या त्या कुप्या त्याले लागल्या. वाचला तो. त्याले गाडीत बसवलं आन त्याच पायी मोबाइल घेतला, शून्य भरलं. ठिपका लाल झालेला म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. नव्या कुप्या येईपर्यंत दुसरं काय करू शकत होती मी?”

“कुणाला फोन करून सांगितलं होतं? शेखरसरांना?”

“कायले सांगू? भरलं की सगळ्यायले दिसते, असंच तर शिकवलं होतं आमाले. उलट मंग त्यायचाच फोन आला, रविवारी राती जेवाच्या वेळी. सोमवारी मुंबईचे पाहुणे येनार होते, पैसे देनारे. त्यायले आमच्या केंद्रात आननार होते. म्या झाडून-पुसून ठेवलं होतं. तर सर म्हने, नाही येत तुमच्याकडं, पळसपानीच्या केंद्रात नेतो, तठचं कपाट भरलेलं हाय, दाखवाले बरं दिसते.” ती कडवट हसली. “मनलं, न्या बावा. माह्यं काय जाते?”

प्राचीने विचारलं, “त्यांना तुमच्या कपाटाबद्दल काही सांगितलं त्या वेळी?”

“त्यायनं इचारलं कुठी?”

हिंमतराव उठले. जनकाबाईने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“साहेब, म्या त्या बाईचा श्वास धरून ठेवला होता. धा मिनटं आधी शेगावच्या रस्त्यानं निघाले असते तर आज मिरच्या तोडत राह्यली असती ती. लेकानं तिच्या तो ठिपका पाह्यला, म्हने. मंग तो ठिपका हिरवा कोनी केला, ते शोधा. मले काऊन पाहून राह्यले सारे?”

५

सागर त्यांना घरात घेईना. दारातच उभा राहिला, डोक्यावरचे केस काढलेले, डोळे तांबडे.

“त्या बाईची बाजू घ्याले आले असान तर चालते व्हा,” तो म्हणाला. “उद्या ठाण्यात जाऊन राह्यलो मी. तिच्यावर गुन्हा दाखल करतो.”

“कर,” प्राची म्हणाली. “पण योग्य माणसावर कर. चुकीच्यावर केलास तर खरा सुटते.”

त्याने दार लावून घेतलं नाही.

“त्या दिवशी मोबाइलवर जे दिसलं ते अजून आहे?”

होतं. सोमवारी गाडीत बसायच्या आधी त्याने शेगावच्या मेव्हण्याला नकाशाचं चित्र पाठवलं होतं, ‘आईले अठी नेतो’ म्हणून. त्याने ते काढून प्राचीपुढे धरलं. बोट खारवाडीवर ठेवलं. बोटाखाली हिरवा ठिपका.

“पाहा. हिरवा हाय का नाही?”

“बोट काढ जरा.”

त्याने काढलं. प्राचीने मोबाइल हातात घेतला आणि चित्र मोठं केलं. मग बाजूला सरकवलं, वर, खाली. तिने पिशवीतून लॅपटॉप काढून ओट्यावर ठेवला आणि दोन्ही नकाशे शेजारी धरले.

“सागर, त्या दिवशी तू एकच ठिपका पाह्यला.”

“जवळचा. अजून कोणता पाहू?”

“बरोबर. कोणीही तेच केलं असतं. आता बाकीचे पाहा.”

लॅपटॉपवर खारवाडीसोबत आणखी काही केंद्रं लाल होती. पावसाळ्यात असणारच, साप निघतात, लस संपते, नवी यायला वेळ लागतो. त्या नोंदी निरनिराळ्या नर्सबायांनी केलेल्या होत्या, त्या सोमवारच्या आधी.

सागरच्या मोबाइलवरच्या चित्रात मात्र एकही लाल ठिपका नव्हता.

“सारेच हिरवे,” हिंमतराव हळूच म्हणाले.

“एकट्या जनकाबाईनं नंतर भरलं असतं, तर फक्त खारवाडी बदलली असती,” प्राची म्हणाली. “सगळ्या नर्सबाया एकाच दिवशी चुकल्या आणि मग सगळ्यांनी मागच्या तारखा टाकल्या, हे कोण मानेल? आणि हे जुनं पानही नाही. पावसाळ्यात सगळा तालुका हिरवा असा दिवस उगवतच नाही. जुनं पान काय, कुठलंच पान असं असायला नको.”

सागर खाली ओट्यावर बसला. राग कुणावर ठेवायचा ते त्याला आता कळेना, आणि ते त्याच्या रागाहून वाईट दिसत होतं.

“मंग हे आलं कुठून?” तो म्हणाला.

६

त्याच ओट्यावर तिने कोड पुन्हा उघडला. सागरच्या घरातून कुणीतरी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

ठिपक्याचा रंग ठरवणारी ओळ साधी होती. केंद्राच्या ऑब्जेक्टला ती विचारायची, लस आहे का? हो म्हटलं की हिरवा, नाही म्हटलं की लाल. वाचून त्यात काहीच खोट दिसत नव्हती. प्राचीने बरोबर त्या ओळीवर कोड थांबवला आणि ऑब्जेक्टचे सगळे कप्पे उघडले, पानावर कधीच न छापले जाणारेसुद्धा.

नाव. शिल्लक. नोंद कोणाची. वार. आणि सगळ्यात खाली आणखी एक कप्पा, त्याचं नाव ‘सराव’. त्यात लिहिलेलं होतं, नाही.

“हे काय?” हिंमतरावांनी विचारलं.

“थांबा, काका.”

‘लस आहे का’ या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच एका फाइलमध्ये लिहिलेलं होतं. ती फाइल उघडल्यावर प्राचीने खालचा ओठ दातांत धरला. नव्या नर्सना शिकवण्यासाठी गजेंद्रने एक सोय करून ठेवली होती. ‘सराव’ चालू केला की शिल्लक कितीही असो, ऑब्जेक्ट म्हणायचं, लस आहे. शिकाऊ बायांनी सगळे ठिपके हिरवे घेऊन सुरुवात करावी, म्हणून. शिकवणीपुरती ठीक. पण तोच खटका, म्हणजे ‘सराव’ चालू-बंद करायचं बटण, लोकांच्या खऱ्या नकाशालाही जोडलेला होता.

थांबवलेल्या कोडमध्ये, खटका जिथून यायचा तिथे, तिने हाताने ‘नाही’ पुसलं, ‘हो’ लिहिलं आणि कोड पुढे सोडला.

लॅपटॉपवरचा नकाशा क्षणभर पांढरा झाला, मग परत उमटला. सगळेच ठिपके हिरवे. खारवाडीचं गाठोडं तिने परत सोडून पाहिलं. शिल्लक अजूनही शून्यच होती. वर मात्र ओळ झळकत होती: ‘खारवाडी केंद्र – लस उपलब्ध’. शेखरसरांच्या कागदावरचीच, शब्दाला शब्द.

सागरने मोबाइल उचलून लॅपटॉपशेजारी धरला. दोन्ही चित्रं एक होती.

“कोणी केलं?” त्याने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

त्या खटक्याचंही एक ऑब्जेक्ट होतं. प्राचीने ते सोडलं. आत फक्त शेवटचा बदल राहत होता. सराव: बंद. बदल कोणाचा: गजेंद्र. वार: मंगळवार, सकाळ.

“अंबूबाई सोमवारी गेली,” ती म्हणाली. “आणि हे मंगळवारी बंद झालं. म्हणजे सोमवारी काय झालं ते गजेंद्रला मंगळवारी सकाळीच माहीत होतं. तरी तो म्हणाला, नेटवर्कचा घोळ. तरी त्याने मान हलवली.”

सागर उठला आणि गाडीकडे चालायला लागला. हिंमतरावांनी त्याचा दंड धरला.

“सोडा मले.”

“सोडतो. पण तू गजेंद्रले मारशीन, आन चालू करणारा राहीन बाजूले. गजेंद्रनं बंद केलं, एवढंच दिसून राह्यलं ना?” त्यांनी प्राचीकडे पाहिलं. “चालू कोणी केलं, ते या गाठोड्यात हाय का?”

“नाही,” प्राची म्हणाली. “ते माणसांकडूनच काढावं लागेल.”

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या सभागृहात हिंमतरावांनी सगळ्यांना बसवलं. शेखरसर, गजेंद्र, जनकाबाई, सागर. प्राचीने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि ओट्यावर केलं तेच सगळं पुन्हा केलं. सगळे ठिपके हिरवे झाले तेव्हा जनकाबाई खुर्चीतून अर्धवट उठली आणि परत बसली.

शेखरसर शांत होते. “गजेंद्रने हे लिहिलं आणि त्याच्याच नावाने ते बंद झालं,” ते म्हणाले. “मला फार दुःख होतंय. मी त्याच्यावर विश्वास टाकला.”

गजेंद्रने मान आणखी खाली घातली. 

“गजेंद्र, सोमवारी तू कुठे होतास?” प्राचीने विचारलं.

“साखरखेर्ड्याला. बहिणीचा साखरपुडा होता.”

“लॅपटॉप?”

“इथंच, कपाटात.”

“मग सोमवारी दुपारच्या आधी सराव चालू कुठून झाला?”

त्याने टेबलावरच्या टॅबकडे पाहिलं. मंडळाचा टॅब, पाहुण्यांना वेबसाइट दाखवायचा. शेखरसरांच्या हाताशीच असायचा. त्यात गजेंद्रचं खातं उघडंच राहायचं.

“टॅब कोणीही उचलू शकतं,” शेखरसर म्हणाले. “आणि मी कशाला करीन? खारवाडीत लस नाही हेच मला ठाऊक नव्हतं. ठिपका लाल आहे हेच माहीत नाही, तर तो हिरवा करायचं माझ्या मनात कसं येईल?”

“हेच विचारायचं होतं,” प्राची म्हणाली. “रविवारी तुम्ही जनकाबाईंना फोन केला. पाहुणे खारवाडीला आणत नाही म्हणालात. का?”

“रस्ता खराब होता.”

“तुमी रस्त्याचं नाव काढलं नाही,” जनकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “पळसपानीचं कपाट भरलेलं हाय, म्हनले.”

“पळसपाणीचं भरलेलं, म्हणजे खारवाडीचं रिकामं,” प्राची म्हणाली. “त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नव्हतं. रिकामं असल्याची खबर एकाच ठिकाणी होती, त्यांनी केलेल्या नोंदीत. ती तुम्ही रविवारी पाहिली. बाईंनी नोंद केली हे या खोलीत सगळ्यांच्या आधी तुम्हाला माहीत होतं, आणि त्याच बाईला नोंद केली नाही म्हणून तुम्ही काढलं.”

शेखरसरांनी तोंड उघडलं, पण प्राची थांबली नाही.

“हा कागद. शिल्लक शून्य असताना ‘लस उपलब्ध’ ही ओळ सराव चालू असेपर्यंतच छापता येते. बंद झाल्यावर येत नाही. तुम्ही ती सोमवारी संध्याकाळी छापली, अंबूबाईंची बातमी आल्यानंतर. ज्याला काही माहीत नाही, तो आधी दवाखान्यात धावतो. तुम्ही प्रिंटरकडे गेलात.”

सागर उठला. तो शेखरसरांकडे गेला नाही, गजेंद्रसमोर जाऊन उभा राहिला.

“बंद तू केलं,” तो म्हणाला. “बोल मंग.”

गजेंद्र बोलला. खाली बघत, अडखळत, पण सगळं बोलला. सोमवारी सकाळी सरांचा फोन आला होता, पाहुण्यांसमोर पडद्यावर लाल ठिपके बरे दिसत नाहीत, शिकवणीच्या वेळी सगळं हिरवं करतोस ते कसं करायचं. त्याने सांगितलं. कार्यक्रम झाल्यावर लगेच बंद करा, असंही सांगितलं. दुपारी बातमी कळली तेव्हा त्याने स्वतः फोन केला, सर, आधी ते बंद करा.

“आन?” हिंमतराव म्हणाले.

“सर म्हणाले, राहू दे. एक प्रत काढायचीय. आता कोणी बघितलं तर हिरवंच दिसायला पाहिजे, नाहीतर आपण अडकू. उद्या सकाळी तू येऊन बंद कर.”

“रातभर?” जनकाबाईने विचारलं. तिला आधी नीट समजलं नसावं. मग समजलं. “रातभर साऱ्या तालुक्याले हिरवं दाखवलं? एक बाई गेल्यावर?”

त्या रात्री दुसऱ्या कुणाला साप चावला नाही. त्यात कुणाचंच श्रेय नव्हतं.

“पाहुण्यांनी नवी रुग्णवाहिका कबूल केली,” शेखरसर म्हणाले. मऊपणा आता आवाजातून गेला होता. “ती कोणासाठी? माझ्यासाठी? याच गावांसाठी ना? लाल नकाशा बघून कोणी काही देतं का? तासाभराची गोष्ट होती. कामाच्या धावपळीत बंद करायचं राहिलं. चूक झाली, मान्य आहे.”

“दुपारपर्यंत राह्यलं ती चूक,” प्राची म्हणाली. “दुपारनंतर चूक नाही, सर. दुपारनंतर तुमाले माहीत होतं. माय गेली त्याची, आन तुमी हिशेब कशाचा केला, तर आपुन कसे सुटू. आन या बाईच्या गळ्यात बांधून मोकळे झाले.” मग ती गजेंद्रकडे वळली. “आन तू. तू तर माह्याच धंद्यातला. त्यायले कोड समजत नाही. तुले समजत होता. तुह्या एका शब्दानं ही बाई सुटली असती. म्या विचारलं तवा तू मान हलवली बे.”

गजेंद्र रडायला लागला. कुणी त्याला पाणी दिलं नाही.

हिंमतराव उठले, टॅब आणि तो कागद त्यांनी रुमालात बांधले. “चला,” ते म्हणाले. “ठाणं उघडं असते दुपारचं.”

८

शेखरसरांवर गुन्हा दाखल झाला. दोन आठवड्यांनी ते जामिनावर सुटले. खटला अजून चालू आहे. गजेंद्रने साक्ष लिहून दिली आणि साखरखेर्ड्याला निघून गेला. दंशमित्रमधून प्राचीने सराव कायमचा काढून टाकला. शिकवणीसाठी वेगळी वेबसाइट केली आणि खऱ्या नकाशावर प्रत्येक ठिपक्याखाली कुप्यांचा आकडा आणला. त्याने अंबूबाई परत येणार नव्हती. ते काम चालू असताना कुणी फोनवर तसं बोलून दाखवलं, तर त्याचा फोन प्राची पुन्हा घ्यायची नाही.

मंडळाने जनकाबाईला कामावर परत घेतलं. ती खारवाडीला गेली त्या दिवशी हिंमतरावांच्या जीपमध्ये प्राचीही होती. जनकाबाईने घराची किल्ली हातात तयारच धरली होती, पण ती दारापुढे जाऊन थांबली. दारावर डांबर फासलं होतं. आडव्या-उभ्या रेघोट्या, आणि मध्ये एक शिवी.

गल्लीत माणसं जमली. त्या वेळी डांबर घेऊन दारावर कोण आलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

थोड्या वेळाने सागर आला. एका हातात डिझेलचा डबा, दुसऱ्यात चिंध्या आणि तारेची घासणी. त्याने जनकाबाईकडे न बघता डबा खाली ठेवला आणि घासायला बसला. डांबर वाळून कडक झालं होतं. बोटांची सालं निघाली तरी तो उठला नाही. गल्लीतला एक जण मदतीला पुढे आला, तर जनकाबाई म्हणाली, “तू नको. तो करीन.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा दाराचं मूळ लाकूड दिसायला लागलं. सागर उभा राहिला. डिझेलने ओले हात त्याने दोन्ही बाजूंना धरले होते, कपड्याला लागू नयेत म्हणून.

“काकू,” तो म्हणाला, “माफ करा मले.”

जनकाबाईने दाराकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग त्याच्याकडे.

“चौकट राह्यली,” ती म्हणाली.

सागरने चिंधी पुन्हा डिझेलमध्ये बुडवली.